मागच्या खोलीतली हजेरी

ताईला जाऊन महिना झाला. सकाळची पूजा, जप, मग घरातलं काम, सगळं नेमाने चाललं आहे. हात चालतात. आत काही हलत नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, प्रसूतिगृहातली नर्स. चाळीस वर्षांपूर्वी शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही सहाजणींनी नोकरी करणाऱ्या बायकांचं मंडळ काढलं. मी तेव्हा टेलिफोन ऑपरेटर होते. अक्षर बरं म्हणून मला चिटणीस केलं, ती मी आजतागायत. मुलींचे टायपिंगचे वर्ग, डोळ्यांची मोफत तपासणी, पाळणाघर, सगळ्याचे ठराव माझ्याच हातचे.

यंदा मंडळाचा इतिहास छापायचं ठरलं. सभेच्या वहीत असेल तेच पुस्तकात, हा आमच्या सहाजणींतल्या वकीलबाईंचा दंडक. गुरुवारी त्या, डॉक्टरबाई आणि मी कच्चा मजकूर वाचायला बसलो. ताईची लेकही आली होती. पाळणाघराचं प्रकरण संपलं तशी ती म्हणाली, "मावशी, यात आई कुठेय?"

वकीलबाईंनी जुन्या वह्या पुढे सरकवल्या. "अकरा वर्षं गैरहजर. नियमाने सभासदत्वच राहत नाही गं. आणि अक्षर कुणाचं ते बघ."

अक्षर माझं होतं.

आमच्याकडे सभेची घंटा होताना जी खुर्चीवर असेल ती हजर. ताई त्या वेळी मागच्या खोलीत असायची, सभेला आलेल्या बायकांची पोरं सांभाळत. पाळणाघर झालं ते त्यातूनच. ठराव मात्र शाळेतल्या बाईंनी मांडला, तेव्हा वहीत नाव त्यांचं. खोटं बोलायचं नाही, लिहायचं नाही, हा माझा रोजचा नेम. म्हणून मी दर खेपेला इमानाने 'गैरहजर' लिहिलं. ताई हसायची. "तुझ्या देवाला भिंतीपलीकडचं दिसत नाही वाटतं? लिही बाई, लिही. तुझं पुण्य कशाला बुडवू?"

"आभाराच्या पानावर घेऊ," वकीलबाई म्हणाल्या. "इतर अनेक भगिनी, असं."

"इतर?" भाची म्हणाली. आवाज चढला नाही. आईवर गेली आहे.

मी म्हटलं, "मी दुरुस्ती मांडते."

"अकरा वर्षांच्या नोंदींना? तेव्हाच्या दोघींच्या तरी सह्या लागतील. आता उरलोय किती आपण?"

"तिघी," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. "माझी दोन्ही पोरं तिच्या मांडीवर वाढली. मला बघून रडायची मेली, तिला बघून हसायची. आणा ती वही."

वकीलबाई पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझाही होता की तिथे. एकदा बूट उलटे घालून पाठवला म्हणून तिच्याशी भांडले होते मी." आणि डॉक्टरबाईंच्या सहीखाली सही केली.

सह्यांच्या वर सोडलेल्या जागेत मी लिहिलं: त्या गैरहजर नव्हत्या. मागच्या खोलीत मंडळाचंच काम करत होत्या. चूक नोंद घेणारीची. खाली माझं नाव घातलं.

भाचीने ते दोनदा वाचलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं होतं, आता तरी रडू येईल. नाही आलं. ठरावाला क्रमांक घातला, पान उलटलं आणि पुढचा विषय विचारला.

"जिन्याचा कठडा," वकीलबाई म्हणाल्या. मी तो लिहून घेतला.