एकाच गोष्टीच्या दोन प्रती

"आई, टर्झाला काय येतं आणि काय नाही, हे तपासतं कोण?"

हा प्रश्न घरी विचारून दाखव, अशी पैज ब्रिन आणि डकोटाने माझ्याशी लावली होती. दोघी माझ्या शाळेतल्या मैत्रिणी. शाळा मला यंदाच मिळाली. त्याआधी माझी शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल आणि मुख्याध्यापिका म्हणजे आई. भर वर्गात हात वर करून बोलायला मी सप्टेंबरात शिकले आणि तेव्हापासून मला थांबवणं कुणाला जमलेलं नाही. म्हणून शनिवारी सकाळी, आई पुस्तकांच्या ढिगाऱ्यात गुडघ्यांवर बसलेली असताना, मी प्रश्न टाकला.

आईने मान वर केली नाही. "मी तपासते. दुसरं कोण येणार, गव्हर्नर?"

"आणि तू बरोबर तपासतेस हे कोण बघतं?"

"शाळावाल्या बाई," आई म्हणाली, "तुम्ही एवढ्या तोंडाळ कुठे झालात ते आधी तपासू या. आणि तो ढीग इकडे सरकवा."

पैज जिंकले, विषय संपला, असं मला वाटलं.

ढिगाऱ्याचं कारण असं की सोफ्यावरची फळी बुधवारी भिंतीतून निघाली आणि रोमन साम्राज्य, बेडूक, अपूर्णांक सगळं एकदम खाली आलं. टर्झा, म्हणजे माझी नऊ वर्षांची बहीण, नुकतीच तिथून उठली होती. बाबा शेतांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करतात आणि कमी बोलतात. त्यांनी भिंतीतली भोकं बघितली आणि जाहीर केलं, "या घरातून एकतर पुस्तकं जातील नाहीतर मी." आईने यावर जरा विचार केला. तो विचार करण्याचा वेळ बाबांना फारसा आवडला नाही.

आमच्या गावात, आणि माझ्या मते अख्ख्या आयडाहो राज्यात, मुलांना घरी शिकवणाऱ्या आयांचा एक रोग असतो. मे महिन्यात चर्चच्या तळघरात त्यांचा जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथे प्रत्येकजणी चार खोकी द्यायला जाते आणि सहा घेऊन येते. आमच्याकडे पुस्तकं न्हाणीघराच्या कपाटात होती, बटाट्यांच्या पेटीमागे होती, पलंगांखाली तर होतीच. घरात आहे हे विसरून आई तेच पुस्तक पुन्हा आणायची. सांगितलं की म्हणायची, असू दे, बिचारं एकटं पडलं होतं.

यंदा मात्र ती खरंच काढायला बसली होती. तिने तीन ढीग केले: ठेवायची, द्यायची आणि भांडायची. दुपारी बाबा 'द्यायची' खोकी गाडीत घालून चर्चला नेणार होते. पहिल्याच खोक्यात आईने वाचायला शिकण्याची पुस्तकं भरली, एका पानावर मांजर, दुसऱ्यावर चटई, अशी. मी पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं टर्झासाठी तिने खोडरबराने पुसली होती. पानं मऊ पडली होती.

"टर्झा या सगळ्याच्या पुढे गेली," ती म्हणाली आणि खोक्याला चिकटपट्टी लावली. आवाजात एक सुस्कारा होता, पण सुखाचा. मग ती आणखी खोकी आणायला गॅरेजमध्ये गेली.

मला आणि टर्झाला तिने दोन-दोन असलेल्या पुस्तकांचं काम दिलं होतं. टर्झाच्या लाडक्या आंधळ्या घोडीच्या गोष्टीच्या दोन प्रती निघाल्या. मालकाला पाठीवर घेऊन गोठलेलं तळं ओलांडणारी घोडी. एक प्रत जाड, बाबा रात्री वाचून दाखवायचे ती. दुसरी पातळ, लहान मुलांसाठी कापून छोटी केलेली, चित्रं तीच. मी टर्झाला म्हटलं, पातळ वाचून दाखव, कोणती ठेवायची ते ठरवू.

तिने तळ्याचं चित्र असलेलं पान काढलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली. छान वाचते, नेहमीच. मी तिच्या खांद्यावरून बघत होते.

"आणि बर्फाखालचं पाणी घोडीशी कुजबुजलं, अजून थोडं, अजून थोडं," टर्झाने वाचलं.

ते वाक्य त्या पानावर नव्हतं.

मी पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं. पातळ प्रतीत पाणी कुजबुजतच नव्हतं. पण टर्झाचं बोट ओळीच्या शेवटापर्यंत गेलं, खाली उतरलं, पुन्हा डावीकडून निघालं. इतकं नीट, इतकं सवयीचं. फळी पडली तेव्हासुद्धा मी अशी घाबरले नव्हते.

मी शेजारचं एक साधं, बेडकांचं पुस्तक उघडून तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली की तिला भूक लागलीय.

"टर्झा."

"लोणी लावलेला पाव खाऊ या का?"

"टर्झा, पहिला शब्द."

तिने पुस्तक मिटलं. मग इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं. अक्षरं तिला येत होती. पण शब्दातलं दुसरं अक्षर येईपर्यंत पहिलं निसटायचं. बाबांकडून एखादी गोष्ट दोनदा ऐकली की तिची पाठ व्हायची, म्हणून संध्याकाळच्या वाचनाला ती तीच पाच-सहा पुस्तकं काढायची. आई तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत असते आणि कानाने तपासते. आमची पोरगी कशी पुस्तकवेडी, असं आम्ही सगळेच कौतुकाने म्हणायचो. मी सगळ्यात मोठ्याने.

"तू आईला सांगणार," टर्झा म्हणाली. "मग आई म्हणेल तिचंच चुकलं. मग कुणीतरी गाडी घेऊन येईल आणि मला नेईल."

या गाडीला मीही लहानपणी घाबरायचे. शाळेच्या वेळात अंगणात फार आरडाओरडा करू नका, रस्त्यावरून जाणारा कुणी विचारेल ही मुलं शाळेत का नाहीत, असं आई सहज म्हणायची, आणि आम्ही त्याची अख्खी गाडी बनवली होती, दिव्यांसकट. मी तिला म्हटलं की अशी गाडी नसते. म्हणताना मला खात्री नव्हती. आणि गाडीपेक्षा मला आईचीच भीती जास्त वाटत होती. मी शाळेत जाते म्हटल्यावर ती कितीतरी दिवस माझ्याशी पाहुण्यासारखी वागली होती, प्लीज आणि थँक्यू म्हणत. आता हे ऐकून तिचं काय होईल? ब्रिन आणि डकोटा हसण्यासाठी पैज लावतात. त्यांनी नेमकं बरोबर तेच विचारलं होतं.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला मोठ्याने वाचायला सांगितलं की तो खोकायला लागतो, आणि सगळी पोरं त्याच्याबरोबर खोकतात. टर्झा बारा वर्षांची होईल तेव्हा ती कशावर बोट फिरवेल?

बाहेर बाबांनी गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

"सांगू नकोस," टर्झा म्हणाली. मी उठून दाराकडे निघाले तेव्हा तिने नाक पुसलं आणि तीही उभी राहिली. "सांगायचंच असेल तर मी तिथे असताना सांग. माझ्याबद्दल माझ्या पाठीमागे बोलायचं नाही."

दारापर्यंत जाताना आम्ही दोघींनी सोमवारचं ठरवून टाकलं. अंगणात गेलो तर चिकटपट्टी लावलेलं पहिलं खोकं बाबांच्या हातात होतं आणि आई त्यांना सांगत होती की ते तळाशी ठेवू नका, चेपेल. मी खोक्याला दोन्ही हातांनी धरलं. बाबा म्हणाले, "अगं, जड आहे, पाय बघ." मी सोडलं नाही. ते आमच्या दोघांच्या मध्ये लटकत राहिलं.

"याच्यात भांडायचं काही नाहीये, सुझॅना," आई म्हणाली. हसतच म्हणाली. मग तिने टर्झाकडे बघितलं आणि हसायची थांबली.

वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. इथे तो खोक्याच्या पलीकडे पोचला तरी पुरे होतं. टर्झा माझ्या शेजारी हात मागे बांधून ताठ उभी होती, फोटोला उभं राहतात तशी.

"हे खोकं कुठेही जाणार नाही," मी म्हटलं. "टर्झाला वाचता येत नाही, आई. तिला सगळं पाठ आहे. तुझ्यावर रागावून सांगत नाहीये. सोमवारी मी तिला आमच्या शाळेत वाचन शिकवणाऱ्या बाईंकडे घेऊन जाणार आहे, आणि तू आमच्याबरोबर यावंस असं आम्हा दोघींनाही वाटतं. पण तू नाही आलीस तरी आम्ही जाणार आहोत."