कागदावरची कमलिनी

"अंकल जी, हमारे हिसाब से मैडम जिंदा हैं," व्हिसा केंद्रातली खिडकीमागची बाई म्हणाली.

भालचंद्र देवतळे तिच्याकडे बघतच राहिले. कमलिनीला जाऊन तीन महिने झाले होते. तिच्या अस्थी त्यांनी स्वतःच्या हाताने नर्मदेत सोडल्या होत्या.

"कौन जिंदा है?"

"कमलिनी देवतळे. अर्जी में पत्नी का नाम यही है. और मृत्यु प्रमाणपत्र आपने सिंधू देवतळे का लगाया है." तिने कागद पुढे सरकवला. "दो शादियां हैं क्या आपकी?"

रांगेत मागे कुणीतरी हसलं. देवतळे संतापले की मराठीवर येत. "एकच केली, बाई! अडतीस वर्षं केली!" ते ओरडले. बाईला ते कळलं की नाही कोण जाणे. तिने पुढचा नंबर पुकारला.

जानेवारीत दोघांनी मिळून अर्ज केला होता. अलकाचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, परदेशात ऑगस्टमध्ये बाळंतपण होतं. कमलिनीने डिंकसुद्धा आणून ठेवला होता. एप्रिलमध्ये ती गेली, अर्ज तिथेच पडून. आता देवतळ्यांना एकट्याने तरी पोचायचं होतं. आई नाही, निदान बाप तरी पोरीजवळ हवा.

नावाचा घोळ त्यांचाच होता. कारखान्यात नवे फिटर म्हणून लागले तेव्हा टाउनशिपमधलं क्वार्टर फक्त लग्न झालेल्यांना मिळे. यादी बंद होत होती आणि लग्नाला महिना होता. साखरपुडा झालाय म्हणजे झालंच की, म्हणून त्यांनी फॉर्मवर बायकोचं माहेरचं नाव लिहून टाकलं : सिंधू. मग लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं : कमलिनी. आईने सुचवलेलं.

"माझं नाव काय वाईट होतं?" तिने त्या रात्री विचारलं होतं. ते नुसते हसले होते.

कारखान्याच्या कागदांत बदल करायचा राहून गेला तो गेलाच. कारखान्याच्या दवाखान्यातल्या वहीवरही सिंधूच राहिली. नर्सने "सिंधूबाई" अशी हाक मारली की ती लगबगीने उठायची. म्हणायची, "इथे तरी मला माझ्या नावाने बोलावतात." शेवटच्या कागदावरही दवाखान्याने वहीतलंच नाव घातलं. तेव्हा तो कागद वाचायच्या अवस्थेत कोण होतं?

दोन्ही नावं एकाच बाईची, अशा प्रतिज्ञापत्राला साक्षीदार म्हणून जुन्या क्वार्टरच्या शेजारीण सरोजवहिनी आल्या. नोटरीने दोनदा विचारलं तशा त्या उखडल्या. "लिहा हो साहेब! दोघी एकच. मी अक्षता टाकल्यात यांच्या डोक्यावर. दुसरी करायची यांची छाती होती होय?"

देवतळ्यांना रडावं की हसावं कळेना. बायको मेली हे पटवायला शिक्के, साक्षी, स्टँपपेपर! जिवंत होती तेव्हा तिची चौकशी करायला यातला एकजण आला नव्हता.

कागद दिले. उत्तर आलं, अर्ज विचाराधीन आहे. जुलै संपला, तरी विचाराधीन. ते दर सोमवारी अवधपुरीच्या घरून बसने केंद्रात जात. खिडकीतली बाई त्यांना बघितलं की आधीच मान हलवी. "अरे, किती विचार करता? इतका विचार करून तर मी लग्नही केलं नव्हतं!" एकदा ते बोललेच. कुणीच हसलं नाही.

अठरा ऑगस्टला सकाळी फोन वाजला. स्क्रीनवर अलका, थकलेली, आणि कापडात गुंडाळलेला एक लालबुंद चेहरा.

"मुलगी झाली, बाबा. दोन दिवस लवकरच."

देवतळ्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "मी तिथे असायला हवं होतं."

"माहीत आहे, बाबा. इथे नाव लगेच नोंदवतात. मी आईचं ठेवतेय. कमलिनी."

"नको," ते इतक्या जोरात म्हणाले की बाळ दचकलं. "ते मी ठेवलेलं. आईचं नाव सिंधू. तेच लिही, सगळ्या कागदांवर लिही. आणि उद्या हिच्या लग्नात कुणी तांदळाचं ताट घेऊन आला ना, तर ताट उधळून दे. माझं नाव सांग."