मी वितळतो म्हणून मोटार वाचते

मी एक जुना फ्यूज आहे. बोरी अरब गावात मारोतीच्या पिठाच्या चक्कीत, मीटरच्या खाली राहतो. अंग चिनीमातीचं, पोटात कथील-शिशाची बारीक तार. मित्रांनो, ती तार वितळते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही!

लाज का वाटावी? थंडीत गोठलेलं खोबरेल तेल उन्हात ठेवलं की वितळतं, पण चुलीवरचा तवा लाल झाला तरी वितळत नाही. प्रत्येक पदार्थाचे कण एकमेकांना धरून असतात. उष्णतेने ते थरथरतात आणि पकड सुटली की वाहू लागतात. कथील-शिशाची पकड सैल असते. तांब्याची भारी घट्ट, ते हजार अंशांच्याही पुढे जाऊन वितळतं. चक्की अडकली की मोटार जास्त वीज ओढते, माझी तार तापते, वितळते आणि वीज तुटते. मोटार वाचते.

पण कौतुक कुणाला? उन्हाळ्यात शेवयांचे दिवस आले. विमलताईंनी शेवयांसाठी गहू ओलवले, पण न सुकवताच दळायला आणले. ओलं पीठ जात्याला चिकटलं आणि माझी तार गेली. मारोतीने नवी बांधली, तीही गेली.

"मारोती, माह्ये गहू कवा होतीन रे? शेवया कराले बाया येऊन बसल्या," विमलताई ओरडल्या.

"याले काही दमच नाही!" मारोती माझ्यावरच घसरला आणि जाड तांब्याची तार घेऊन आला.

त्याची बायको नलू पुढे झाली. "अहो, जाड तार कायले बांधून राह्यले? मोटर जयली तं खायाल काय?"

तिचं बरोबर होतं. त्या घरात चूल पेटायची ती एकट्या मोटारीच्या जोरावर. पण मारोती ऐकतो कसला! त्याने तांबं आवळलं आणि बटण दाबलं.

जातं पुन्हा अडकलं. मोटार घुमू लागली. माझा जीव तिळतिळ तुटत होता, पण तांबं ढिम्म! ते वितळायच्या कितीतरी आधी मोटारीच्या आतल्या तारांवरचं वार्निश जळू लागलं. धुराचा वास सुटला. नलूने झेप घेऊन मेन स्विच पाडला.

मोटार थोडक्यात वाचली. मारोतीचा चेहरा पिठापेक्षा पांढरा पडला होता. त्याने जातं साफ केलं, ओले गहू सुकवून आणायला विमलताईंना परत दिले आणि जाड तार उपसून माझ्यात बारीक तार बांधली.

मित्रांनो, फ्यूज गेला की त्याला शिव्या देऊ नका, तो का गेला ते मोठ्यांना बघायला सांगा. जाड तार कधीच बांधू देऊ नका. मी काही सुधारणार नाही. परवाच एकाची ज्वारी ओली निघाली आणि ऐन गर्दीत मी पुन्हा वितळलो. रांगेतले लोक मला नावं ठेवत होते. मारोतीने आधी मोटारीवर हात ठेवून पाहिला. ती गार होती.