ललिताबाईंचा पांढरा दात

मी एक जुना दात आहे. कटंगीच्या ललिताबाईंच्या वरच्या ओळीतला, अगदी पुढचा. मित्रांनो, ती तिसरीत असताना मी उगवलो, तेव्हा मी स्वच्छ होतो. कच्ची बोरं फोडणं, ऊस सोलणं ही माझी कामं. ती कामं मला आवडायची.

मग लग्न झालं आणि सासरी गुडाखू आली. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा! सकाळी उठल्यावर एकदा आणि दुपारी जेवणानंतर एकदा, बोटाने माझ्यावर घासला जायचा. त्याची चिकट, कडवट घाण माझ्या मुळाशी साचायची. शी! अजूनही सांगताना किळस येते. तीस वर्षांत मी काळा पडलो. ललिता तोंडावर पदर धरून हसू लागली. लोकांना मी दिसू नये, एवढीच तिची धडपड.

तिचा मुलगा राकेश दुबईत एसीची कामं करतो. त्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. त्याआधी त्याने आईला महिनाभर तिकडे फिरायला नेलं आणि एक दिवस दातांच्या दवाखान्यात बसवलं.

"आई, फोटोत तू मोकळी हसली पाह्यजे," तो म्हणाला.

मला पांढरं व्हायचं होतं, खोटं कशाला सांगू? पण त्या तासाभरात जे झालं ते आठवलं तरी शिसारी येते. ओठ प्लास्टिकने ताणून धरले. लाळ गळत होती, नळी ती शोषत होती. खरवडलेली काळी खपली जिभेवर पडली. मग आंबट औषध थापून निळा दिवा लावला. मी आतून ठणकलो.

दिवा लावण्याआधी मात्र डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या. खालच्या ओठाच्या आत, जिथे गुडाखू साचायची तिथे, त्यांना एक चट्टा दिसला. त्या भारतातल्याच, म्हणून हिंदीत म्हणाल्या, "यह ठीक नहीं लगता. तंबाकू बंद कीजिए और इसकी जाँच करवाइए."

"घर जाकर दिखाएँगे," राकेश म्हणाला. "आज दाँत तो चमका दीजिए."

ललिताने मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनीही पुढचं काम सुरू केलं. त्या क्षणी मला सगळ्यांची चीड आली, माझीसुद्धा.

गावी परतल्यावर आळीतल्या बाया मला बघायला आल्या. माझं भलतंच कौतुक झालं! पण थंड पाणी लागलं की मी शिवशिवायचो, आणि आमच्याकडे दातदुखीवर एकच औषध. ललिताने पुन्हा डबी उघडली. पांढऱ्याशुभ्र अंगावर तोच काळा लगदा! मला ओकारी यावी तसं झालं. दात ओकत नाही, म्हणून गप्प बसलो. चट्टा माझ्या समोरच होता. तो रोज थोडा पसरत ओठाच्या कडेपर्यंत येत होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

साक्षगंधात ललिता खरंच मोकळी हसली. दुसऱ्या दिवशी सगळे मोबाईलवर फोटो बघून माझी वाहवा करत होते. तिची मुलगी दीपिका, लालबर्‍याहून आलेली, एका फोटोवर थांबली. तिने तो मोठा करून पाहिला.

"आई, तुह्या ओठात हे काय होय? तोंड उघड."

तिने ओठ खाली ओढला आणि तिचा चेहराच उतरला.

"डॉक्टरीन बोलली होती," ललिता म्हणाली. "राकेश म्हणे, घरी जाऊन दाखवू."

"घरी येऊन वीस दिवस झाले ना! अन् तू अजून गुडाखूच लावून राह्यली?"

"दात शिवशिवते बाई. मंग काय लावू?"

दीपिकाने डबी उचलून नालीत फेकली आणि सकाळच्या बसने आईला बालाघाटला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला आहे. रिपोर्ट अजून यायचा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी गुडाखू लावत असेल, तर आजच त्यांचं तोंड उघडून नीट बघा. आमच्या रंगावर भुलू नका. मी पडलो तर माझ्या जागी नकली दात बसवता येईल. ललिताच्या जागी कोणाला बसवणार?