आजोबांचा ब्रेक सोडला तेव्हा

अक्षर न् अक्षर खरं सांगतेय, पोरांनो. खोटं निघालं तर उद्या माझी कवळी कुत्र्याने पळवावी!

तुमचे आजोबा दवाखान्यात खुर्चीवर बसलेले, हाताला सुई, आणि चेहरा असा की जणू केस कापायला आलेत. लिफ्ट दुरुस्त करायचे ना. मधेच अडकलेल्या लिफ्टच्या टपावर उभं राहून जांभया देणारा माणूस! पाठ दुखावली तेव्हा वेदनेवरच्या कडक गोळ्या खाल्ल्या, अफूच्या जातीच्या. त्या कधीच्या सोडल्या, तरी उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगावर ताण आला की शरीर एक रस सोडतं. काकांचा तो रस त्या गोळ्यांनी झोपवलाय का, ते बघायचंय."

"झोपला असला तर?"

"तर रोज औषध. आणि उंचावरचं काम बंद."

आजोबांनी मान खाली घातली. काम गेलं तर हा माणूस घरात नुसता छत बघत बसणार, हे मला दिसत होतं.

"आपलं शरीरही अफूसारखं काहीतरी बनवतं," बाई म्हणाल्या. "ते या रसाला दाबून धरतं. इंजेक्शनने त्याला अडवलं, की रस वर यायला हवा."

"म्हणजे ब्रेक सोडून बघायचं, मोटर फिरते का," आजोबा म्हणाले.

"अगदी!"

इंजेक्शन दिलं. सिस्टर अधूनमधून रक्त काढतेय, हे ढिम्म! म्हटलं, या थंड गोळ्याचा कसला रस चढतोय? थोडा हातभार लावू या. कानाशी गेले, "अहो, तुमची हत्यारांची पेटी मी भंगारात..."

"काकू!" सिस्टरने माझा दंडच धरला. "तुम्ही चिडवलंत तर औषधाने चढला की तुमच्यामुळे, कसं कळणार?"

हाकललं बाहेर. तेवढ्यात आतून अशी डरकाळी आली की खिडकीची तावदानं थरथरली, "पेटीला हात लावलास तर बघ!"

निकाल आला. बाई हसत म्हणाल्या, "चढला की! छान चढला. जा काका, कामाला लागा."

माझ्या जिवात जीव आला. घरी येईपर्यंत मी एकटीच बडबडत होते, आणि हे शीळ घालत होते.

आता एवढं सांगितलंच आहे तर... ती डरकाळी मीच रचलेली. आत चिडीचूप होतं. सिस्टर फक्त खुर्ची घेऊन बाहेर आली. म्हणाली, "काकांनी पाठवलीय. म्हणाले, ती घाबरली की तिचे पाय कापतात."