सावली मोजणारा भाऊ

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. राग माझ्या नाकावरच असतो. धाकटा म्हणायचा, दादाच्या नाकावर आता माशी बसायलासुद्धा जागा नाही. धाकटा म्हणजे माझा एकुलता एक भाऊ. आमची शेतं एकमेकांना लागून, मधे एक बांध. वडिलांनी वाटणी करताना मला रुंद तुकडा दिला आणि त्याला लांबलचक चिंचोळी पट्टी, मक्याच्या जेमतेम अकरा ओळी बसतील एवढी. त्याने हूं की चूं केलं नाही. तीस वर्षं आम्ही दोघं त्या बांधावर बसून एकाच डब्यातून जेवलो. तो भाऊ मी माझ्या हाताने घालवला.

आठ वर्षांपूर्वी गावात खेळवाल्या बाई आल्या. कुठल्याशा संस्थेच्या. शेतकऱ्यांनी झाडं लावावीत म्हणून त्या भाषण करत नसत, खेळ खेळायला लावत. शाळेच्या वर्गातली बाकं भिंतीला सरकवली होती, खाली सतरंज्या, आणि पन्नाशी उलटलेल्या आम्हा बाप्यांच्या पुढ्यात रंगीत पट. मी तर उठून निघालोच होतो. म्हटलं, या वयात काय सोंगट्या खेळायच्या? बायकोने सदरा धरून खाली बसवलं.

दोघा शेजाऱ्यांत एक पट होता. पटावर दोन शेतं, चौकोन आखलेली, मधे बांध. मक्याचे दाणे म्हणजे पीक आणि हिरव्या सोंगट्या म्हणजे झाडं. एक डाव म्हणजे एक वर्ष, आणि दर वर्षी एक चिठ्ठी उचलायची. कधी पाऊस कमी, कधी कीड, कधी वारा. झाडाला आधी चार वर्षं नुसतं द्यायचं, मग ते द्यायला लागतं. माझ्यासमोर अर्थातच धाकटा बसला. मी निव्वळ हट्टाने सगळ्या बांधावर सोंगट्या लावून टाकल्या. पाचव्या वर्षी वादळाची चिठ्ठी निघाली. वर्गातल्या सगळ्यांचा मका आडवा झाला, माझा तेवढा झाडांच्या आडोशाने उभा. जन्मात कधी काही न जिंकलेला मी पहिला आलो.

टाळ्या थांबल्यावर धाकट्याने विचारलं, "बाई, या झाडांची सावली कुठं पडते?"

बाई म्हणाल्या की या खेळात सावली धरलेली नाही, ती धरली तर खेळ संध्याकाळपर्यंत संपायचा नाही. वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. म्हटलं, हरलेल्या माणसाने सावलीतच बसावं. धाकटाही हसला. तो असाच होता, कुणाची गंमत मोडायची नाही.

बक्षीस म्हणून चाळीस रोपं मिळाली. ती मी पटावर लावली तशीच बांधावर लावली, दाटीवाटीने. खड्डे खणायला धाकटा होता. दुसऱ्या उन्हाळ्यात मी पाय मोडून घरात पडलो, तेव्हा त्यानेच रोज विहिरीवरून घागरी वाहून माझी झाडं जगवली. एकही मरू दिलं नाही. पुढं झाडांनी असा काही जोर धरला की जाता-येता मी त्यांच्या खोडावर थाप मारायचो, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

सूर्य दिवसभर माझ्या बाजूने फिरतो, त्यामुळे सावली सगळी त्याच्या शेतात. बांधाजवळचा त्याचा मका गुडघ्याएवढा व्हायचा आणि पिवळा पडायचा. एका वर्षी त्याने नऊच ओळी पेरल्या, पुढच्या वर्षी सात. मला दिसत नव्हतं असं नाही. मी चारचौघांत सांगत सुटलो की धाकटा आता आळशी झालाय. दोन-तीनदा तो माझ्याकडे आला. "दादा, त्या झाडांच्या..." एवढं म्हणायचा, की माझी गाडी सुरू. खेळात हरलास ते अजून पोटात दुखतंय का, वगैरे वगैरे. त्याचं ते वाक्य मी एकदाही पुरं होऊ दिलं नाही. आता रोज आठवतं.

पाचव्या वर्षी एका दुपारी मला त्याच्या शेतात खुंट्या दिसल्या. माझ्या झाडांपासून निघालेली सरळ रांग, प्रत्येकीला चिंधी बांधलेली. पुढच्या महिन्यात आणखी एक खुंटी, आणखी आत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. हा जमीन मोजतोय, याला नव्याने वाटणी हवीय, असंच मी धरून चाललो. दिसल्या तेवढ्या खुंट्या उपटल्या आणि पारावर लोक बसले होते तिथं जाऊन त्याच्या पायाशी फेकल्या. विचारलं, काय मोजतोस?

"सावली मोजतोय, दादा."

मला वाटलं, लोकांसमोर माझी टर उडवतोय. सावली काय मोजायची चीज आहे? मी म्हटलं, आजपासून तुझा-माझा संबंध फक्त बांधापुरता. तो खाली वाकला, खुंट्या गोळा केल्या, मोजून पिशवीत ठेवल्या आणि घरी गेला.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. पुढच्या हंगामात त्याने पाचच ओळी पेरल्या, आणि कापणी होताच कळलं की शहरात एका गोदामावर त्याला पहारेकऱ्याचं काम मिळालंय, दोघं नवरा-बायको निघालेत. जायच्या सकाळी तो माझ्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मी आत विळ्याला धार लावत होतो, आधीच धारदार असलेल्या विळ्याला. बायकोने हात जोडले, म्हणाली, जा हो, दोन शब्द बोला, पाठचा भाऊ आहे. नाही गेलो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो मीच. फाटकाची कडी एकदा वाजली. मग गाडीचा आवाज आला.

दीड वर्षाने गोदामाच्या दारात, खुर्चीत बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं. मीच जाऊन त्याला घरी आणलं. सगळ्या वाटेत मी त्याच्याशी बोलत होतो. गाडीवाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं. मूग गिळून बसायची वेळ होती तेव्हा बोललो आणि बोलायची वेळ होती तेव्हा बसलो, असा मी माणूस.

त्याला आता सहा महिने झाले. गेल्या आठवड्यात खेळवाल्या बाई दारात. केस पिकलेत, पण पिशवी तीच. नवा पट आणला होता, त्याला अजून शाईचा वास येत होता. बसायच्या आधीच विचारलं, धाकटे काका कुठं आहेत, घराला कुलूप आहे, हा पट आधी त्यांना दाखवायचाय. मी सांगितलं. बाई पायरीवरच बसल्या. बायकोने पाणी आणलं, ते तसंच राहिलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. तीन वर्षांपूर्वी धाकटा दोन गाड्या बदलून त्यांच्या कचेरीत गेला होता. बरोबर पिशवीभर खुंट्या आणि वहीचं एक पान. मी उपटल्यावर त्याने त्या पुन्हा लावून मोजणी पुरी केली होती. कोणत्या महिन्यात सावली किती पावलं आत येते, ते सगळं पानावर लिहिलेलं. त्याचे शब्द बाईंनी जसेच्या तसे सांगितले.

"बाई, माझा दादा माझं ऐकत नाही. पण खेळात हरला तर ऐकेल. तुमच्या खेळात सावली घाला."

बाईंना ते पटलं. पण वरच्या साहेबांची मंजुरी, मग गावोगाव खेळून बघणं, मग छपाई, यात तीन वर्षं गेली. वरातीमागून घोडं. बाई रडायला लागल्या, म्हणाल्या, त्या दिवशी वर्गात मी सावलीचा विषय टाळला, चूक माझी आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा राग शोधला आणि सापडला नाही. त्यांनी नुसतं उत्तर टाळलं होतं. हसलो मी होतो.

मी म्हटलं, मांडा पट.

ओसरीवर पट मांडला. मी धाकट्याच्या बाजूला बसलो आणि बाईंना माझ्या बाजूला बसवलं. मी लावली होती तशीच दाटीवाटीने झाडं लावा, म्हटलं. नव्या खेळात करड्या कागदाच्या पट्ट्या होत्या, त्या म्हणजे सावली. झाड वाढलं की पट्टी शेजाऱ्याच्या शेतावर सरकवायची, आणि तिच्याखाली आलेल्या चौकोनात दाणा ठेवायचा नाही. तिसऱ्या वर्षी माझी एक ओळ गेली. चौथ्या वर्षी तीन. पाचव्या वर्षी वादळ आलं, बाईंचा मका उभा राहिला, आणि मला ते बघवेना. सहाव्या वर्षी पेरायला माझ्या मुठीत दाणा उरला नाही.

आता काय करायचं, मी विचारलं. बाईंनी पटाच्या कोपऱ्यातली एक चिठ्ठी दाखवली. हाही नियम धाकट्यानेच सुचवलेला. कुठल्याही वर्षी शेजाऱ्याने शेजाऱ्याला तोंडाने विचारायचं, खालच्या फांद्या छाटशील का म्हणून. तो हो म्हणाला की पट्टी अर्ध्यावर येते आणि दोघांचंही पीक निघतं.

झाड तोडायचं नाही? मी विचारलं.

नाही, बाई म्हणाल्या. झाडं तोडायची नाहीत, हे काकांनी दोनदा बजावलं होतं. म्हणाले, पाणी मी घातलंय.

मी चिठ्ठी हातात घेतली. नियमाप्रमाणे मोठ्याने बोलायला हवं होतं. समोर माझी जागा होती, त्या जागेवर बाई होत्या. मी म्हटलं,

"दादा, त्या झाडांच्या खालच्या फांद्या जरा छाटशील का?"

एवढंच वाक्य होतं. म्हणायला एक श्वाससुद्धा पुरा लागला नाही. बाईंनी हो म्हणायचं होतं, त्यांना ते म्हणता येईना. दारातून माझी बायको म्हणाली, हो म्हणा की हो कुणीतरी. मग ती पदर तोंडाला लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी आणि कोयता घेऊन मी बांधावर गेलो. चाळीस झाडं. मदतीला कुणी नको म्हटलं. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची फांदी खाली पडली, आणि मी शिडीवरूनच पलीकडे बघितलं. धाकट्याच्या बांधालगतच्या पहिल्या ओळीपर्यंत ऊन पोचलं होतं. तिथं गुडघाभर गवत होतं आणि गवतात चिंधी बांधलेली एक खुंटी, मी उपटायची राहिलेली.