हात पोहोचेल तिथवर

“स्टुलावर नुसता पाय जरी ठेवलास ना आई, तर रविवारी मी तुला घेऊनच जाणार. कपड्यांची पिशवी भरून, घराला कुलूप लावून. मग म्हणू नकोस लेक दुष्ट आहे.”

लेकीचा आवाज एवढा चढला होता, की फोन टाकेबाईंच्या कानाला असून शब्द न् शब्द पलंगावर बसलेल्या नणंदेला ऐकू येत होता.

“अगं, मी कशाला चढू? तुझी आत्या बसवलीयस ना पहाऱ्याला.”

“म्हणूनच पाठवलंय तिला. दे तिला फोन.”

नणंदेने फोन घेतला. आयुष्यभर शाळेच्या फाटकावर उभं राहून पोरांना हाकारण्यात गेलेला तो गळा. “हं, बोल गं. तू काही काळजी करू नकोस. चढायला लागली तर तंगडी धरून खाली ओढते की नाही बघ.”

“ओढू नकोस गं आत्या, त्यानेच पडेल!”

टाकेबाईंना हे नाव रुग्णालयात पडलं होतं. तिथल्या फाटक्या चादरी शिवायचं काम त्यांच्याकडे. डॉक्टर माणसांना टाके घालतात आणि ह्या चादरींना, असं कुणीतरी थट्टेत म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. त्यांचे यजमान रंगारी होते. अंगाने उंच, हातही तसेच लांब. जन्मभर शिडीवर चढून लोकांची छतं रंगवली, पण एकदाही पडले नाहीत. गेले ते आपल्या पलंगावर, झोपेत. स्वयंपाकघरातल्या फळ्या त्यांनी स्वतः ठोकल्या आणि ठोकताना मापाला स्वतःचाच हात धरला. टाकेबाई त्यांच्या खांद्याच्याही खालीच. पण त्याचं कधी अडलं नाही. “अहो, तो वरचा डबा,” म्हटलं की डबा हातात यायचा. ते गेल्यावर डबे वरच राहिले आणि टाकेबाईंनी स्टूल आणलं.

थंडी सरली, उन्हं खिडकीतून आत यायला लागली, की सगळं घर खाली काढून धुवायचं, हा दोघांचा शिरस्ता. रंगाऱ्यांचा नियम एकच: सुरुवात वरून. धूळ खाली पडते, म्हणून जमीन शेवटी. गेल्या वर्षी टाकेबाई त्याच नियमाने स्टुलावर चढल्या आणि वरची फळी पुसता पुसता खाली आल्या. मनगट मोडलं. लेक सकाळभर फोन करत राहिली आणि टाकेबाई फरशीवर पडून तो वाजणारा फोन ऐकत राहिल्या. दुपारी शेजारणीने दार ढकललं. मनगट महिन्या-दीड महिन्यात जुळलं. लेकीची भीती काही जुळून येईना.

यंदा साफसफाई करायचीच असेल तर बसून, जमेल तेवढी, रोज एकच कोपरा, असं लेकीने बजावलं होतं. जावई नणंदेला सोडायला आला, तेव्हाच त्याने वरच्या फळ्यांवरचं सगळं उतरवून टेबलावर मांडलं आणि घाईघाईने कामाला गेला. फळ्या पुसायच्या मात्र राहिल्या. धुळीने भरलेल्या त्या रिकाम्या फळ्यांकडे बघून टाकेबाईंचे हात शिवशिवत होते.

“वर बघू नका,” नणंद म्हणाली. “इकडे बसा खुर्चीत. हे पातेलं कशाला ठेवलंय? ह्यात अख्ख्या वरातीचं शिजेल.”

“लागतं कधी.”

“कधी?”

टाकेबाईंनी आठवून पाहिलं. “मुलीच्या लग्नात लागलं होतं.”

“आता तिच्या मुलीच्या लग्नात लागेल, तेव्हा ते लोक विकतचं आणतील. द्या इकडे.”

पातेलं दाराशी गेलं. पाठोपाठ कान तुटलेली कढई, तळ गेलेला तवा आणि झाकणांचा ढीग. डबे कमी आणि झाकणं जास्त, असा हिशेब निघाला.

“वन्सं, ह्या झाकणांचे डबे कुठे गेले असतील हो?”

“दादा त्यात रंग कालवायचा. चांगला डबा दिसला की पळव. आमच्या आईचाही पिठाचा डबा त्याने असाच हिरवा केला होता. आईने त्याला झाडूने मारलं आणि मग तोच डबा सगळ्या गल्लीला कौतुकाने दाखवला.”

दोघी पोट धरून हसल्या. नणंदेला वाकता येत नव्हतं, गुडघे गेलेले. टाकेबाईंचं मनगट अजून जड उचलू देत नव्हतं. तेव्हा काम वाटून घेतलं. नणंदेने खुर्चीत बसून पुसायचं, टाकेबाईंनी एकेक वस्तू लावायची, आणि लावायची ती फक्त गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली. रोज लागणारं समोर, कधीमधी लागणारं बाजूला, न लागणारं दाराबाहेर. बादली अर्धीच भरायची. पाणी सांडलं तर आधी फरशी कोरडी करायची, मग दुसरं काम. दुपारी जेवून आडवं व्हायचं. पहिल्या दिवशी टाकेबाईंना ह्या सगळ्याची लाज वाटली. एका दिवसात घर उभंआडवं करणारी बाई मी, आणि एका कपाटाला दोन दिवस? दुसऱ्या दिवशी मात्र संध्याकाळी कंबर दुखली नाही, तेव्हा लाज जरा कमी झाली.

तिसऱ्या सकाळी त्या न्हाणीघरात खुर्ची टाकून पडदे धूत होत्या. एक धुवायचा, पिळायचा, मग दुसरा. तेवढ्यात आतून हाक आली.

“वहिनी...”

नणंदेचा आवाज एवढा बारीक त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. साबणाचे हात तसेच पुसत, भिंतीला धरून त्या स्वयंपाकघरात आल्या. ओट्याला लावून स्टूल ठेवलेलं होतं. त्यावर नणंद. एका हाताने वरची रिकामी फळी घट्ट धरलेली, दुसऱ्या हातात एक मग. दोन्ही गुडघे लटलट कापत होते आणि गुडघ्यांबरोबर स्टूल.

“वन्सं! हे काय?”

“चढताना चढले हो. उतरता येत नाही.”

धावत जाऊन धरावं असं टाकेबाईंना वाटलं, पण त्यांनी पाय आवरला. हे धूड अंगावर आलं तर दोघी जाणार, आणि रविवारपर्यंत फोन वाजत राहणार.

“हलू नका. आधी तो हातातला मग ओट्यावर ठेवा.”

“ठेवला.”

“आता फळी सोडू नका. नुसतं बूड वळवा आणि ओट्यावर टेका. ओटा तुम्हाला लागूनच आहे.”

“ओट्यावर बसू? स्वयंपाकाच्या?”

“बसा हो! मी धुवेन नंतर.”

नणंद बसली. ओटा हादरला, पण पक्का होता. टाकेबाईंनी स्टूल बाजूला सारलं, हाताची जड खुर्ची ओढत आणून भिंतीला टेकवून ओट्याखाली लावली. “आता पाय खुर्चीवर. एक. दम घ्या. दुसरा. पाठ धरा खुर्चीची. आता एक पाय फरशीवर, माझ्या खांद्यावर भार देऊ नका, मी नुसती आहे बाजूला.”

नणंद फरशीवर आली आणि त्याच खुर्चीत मटकन बसली. मग टाकेबाई म्हणाल्या, “आणि मला तंगडी धरून ओढणार होतात!”

नणंदेला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तिने मगाकडे बोट दाखवलं. पत्र्याचा पांढरा मग, पण पांढरा फक्त नावाला. थरावर थर रंग चढलेला. “जावयाच्या नजरेतून सुटला, पार कोपऱ्यात होता. मला इथून खुर्चीतून दिसला. माझ्या पहिल्या पगारात दादाला घेतला होता मी, चहासाठी. मला वाटलं, केव्हाच टाकला असेल.”

“चहा कुठला? ब्रश भिजवायचे त्यात. मी कितीदा फेकायला निघाले, तर म्हणायचे, हा राहू दे, बहिणीचा आहे.”

नणंदेने मग मांडीवर घेतला आणि पदराने पुसत राहिली. पुसून निघणारं त्यावर काही नव्हतं.

“वहिनी, पोरीला सांगू नका हं.”

“मी कशाला सांगू? घर माझं बंद होणार आहे.”

रविवारी लेक आली. आल्या आल्या कपाटं उघडली, मोरी पाहिली, न्हाणीघरातली फरशी पायाने घासून पाहिली. मग स्वयंपाकघरात उभी राहिली आणि मान वर केली. अंगाने ती बापावर गेलेली, तिला वरची फळी दिसत होती.

“आई.”

टाकेबाईंनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

“धुळीत ही बोटं कुणाची?”

टाकेबाई टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. माझी नाहीत म्हटलं तर नणंद अडकणार, माझी म्हटलं तर पिशवी भरायची. लेकीचा चेहरा पडला. ती ओरडली नाही, तेच वाईट होतं. “मी चिडत नाहीये गं. पण त्या दिवशी फोन वाजत होता ना, तो मला अजून ऐकू येतो. चल तू माझ्याकडे.”

“बोटं माझी आहेत,” नणंद म्हणाली.

“आत्या, तिला पाठीशी घालू नकोस. तुझे गुडघे...”

“मग गुडघे घरी ठेवून येऊ का? घेऊनच चढले. चढले आणि वर अडकले.” मग फाटकावरच्या आवाजात तिने सगळं सांगितलं. तो मग, तो ओटा, ती खुर्ची, काही लपवलं नाही. “मी पहारेकरी, आणि मला उतरवलं कैद्याने. धावली नाही, ओढलं नाही, एकेक पाय सांगत गेली. ती ह्या स्टुलाला आता हात लावत नाही, मीच येडी लावते. न्यायचंच असेल कुणाला तर मला ने.”

लेक खुर्चीत बसली. बसल्या बसल्या तिने हात लांब केला. मिठाचा डबा हाताला आला. मग कप, मग चमचे, मग गाळणी. उठावं लागलं नाही. ती एकेक वस्तू हातात घेऊन परत ठेवत राहिली.

“हे सगळं तुम्ही दोघींनी लावलं?”

“बसून,” टाकेबाई म्हणाल्या. “रोज थोडं. तू म्हणालीस तसं.”

लेकीने उठून फडकं ओलं केलं आणि वरच्या फळ्या स्वतः पुसल्या, टाचा न उचलता. टाकेबाई खाली बसून बघत होत्या. आपल्या काळजीने कुणाचं तरी काळीज एवढं थरथरतं, हे त्यांना इतके दिवस ओझं वाटत होतं. आज त्या ओढल्यासारख्या उठल्या आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवला. “तू आहेस म्हणून चाललंय गं.”

“मस्का नको,” लेक म्हणाली, पण पाठ तिथेच ठेवली.

संध्याकाळी ती निघाली. गाडीच्या मागच्या सीटवर आत्या बसली, मांडीवर तो मग, आणि दर आठवड्याला येण्याचं कबूल करून. तिच्या शेजारी चारही पाय वर करून स्टूल पडलं होतं. न्यायचं ते लेकीने नेलं.

सोमवारी सकाळी टाकेबाई उठल्या. पडदे वाळले होते, घराला साबणाचा वास येत होता. चहाचं पाणी ठेवलं आणि पत्तीसाठी हात उचलला. हात सवयीने वर गेला, तळवा उघडा, त्यात कुणीतरी डबा ठेवील असा. वर नुसती स्वच्छ फळी होती.

“अरे, खाली,” टाकेबाई हाताला म्हणाल्या, आणि तो छातीपाशी येईपर्यंत थांबल्या.